मृत कंपनीची जिवंत यंत्रे

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या शहराची एक बातमी २०१५ साली प्रसिद्ध झाली होती. तेथील १९ सार्वजनिक शाळांमधील उष्णता आणि वातानुकूलन यांचे नियंत्रण एकच संगणक करीत होता. एवढ्यावरून कोणी बातमी करणार नाही. परंतु हा संगणक १९८० नंतरच्या दशकात विकत घेतलेला, कमोडोर कंपनीचा ‘अमिगा’ होता. त्याचा प्रोग्रॅम त्या वेळी शाळेत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने लिहिला होता आणि सुमारे तीन दशकांनंतरही काही बिघडले म्हणजे त्याच गृहस्थाला बोलावणे जात असे. सुदैवाने तो त्याच परिसरात राहत होता. नवी नियंत्रण-व्यवस्था बसवावयाची तर १५ ते २० लाख डॉलर खर्च येईल, असा अंदाज होता. म्हणून जुने यंत्र चालू ठेवणे भाग होते आणि त्याचे सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस दुर्घट होत चालले होते. कारण उघड होते. कमोडोर कंपनीचे दिवाळे एप्रिल १९९४ मध्येच वाजले होते.

यंत्र चालू आहे, काम चोख करीत आहे, पण त्याला जन्म देणारी कंपनी नाहीशी झाली आहे. अशा यंत्राला वाली कोण? हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. वास्तविक तो अर्थशास्त्राचा आणि कायद्याचाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर कोणत्याही सरकारने अथवा न्यायालयाने पुरतेपणी दिलेले नाही. व्यवहारातले एक उत्तर मात्र जगभर विखुरलेल्या हौशी तंत्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत शोधून काढले आहे. बंद पडलेल्या संगणकांचे प्रोसेसर बोर्ड ते नव्याने बनवितात, इतकेच नव्हे तर मूळ निर्मात्याने कधी दिला नव्हता इतका वेग त्यांना देतात. पोक्त माणसांनी चालविलेला हा पोरखेळ आहे असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु या खेळात जे सिद्ध झाले आहे, त्याची दखल धोरणे आखणाऱ्यांनी घ्यावी इतके ते महत्त्वाचे आहे.

एका कार्डाची कथा

या उद्योगाचे स्वरूप कळण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. कमोडोरने १९९२ साली ‘अमिगा ४०००’ हा संगणक बाजारात आणला. त्याचा मुख्य प्रोसेसर मूळ बोर्डावर बसविलेला नव्हता, तो एका स्वतंत्र कार्डावर होता. या कार्डाचे नाव ‘ए-३६४०’. त्यावर मोटोरोला कंपनीचा ६८०४० हा, सुमारे १२ लाख ट्रान्झिस्टर असलेला प्रोसेसर २५ मेगाहर्ट्झ गतीने चालत असे. प्रोसेसर स्वतंत्र कार्डावर ठेवण्यात एक शहाणपण होते. उद्या अधिक शक्तिमान प्रोसेसर निघाला तर कार्ड तेवढे बदलावे, बाकीचा संगणक तोच राहावा. परंतु ‘उद्या’ उजाडण्यापूर्वीच कंपनी बुडाली. तिची मालमत्ता १९९५ मध्ये एस्कॉम या जर्मन कंपनीने घेतली, ती पुढल्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. १९९७ मध्ये अमेरिकेतील गेटवे कंपनीने अमिगाचे हक्क विकत घेतले. त्यानंतरही हे हक्क हातोहात फिरत राहिले. नाव, बोधचिन्ह आणि पेटंट यांना गिऱ्हाईक मिळत गेले. ज्यांच्या घरात आणि कचेरीत यंत्रे होती, त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी मात्र या खरेदीखतांबरोबर पुढे चालत आली नाही.

इकडे यंत्रे म्हातारी होत होती. इलेक्ट्रॉनिक यंत्रात हलणारे भाग थोडे, म्हणून ते झिजत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. घड्याळ चालू ठेवण्यासाठी बोर्डावर बसविलेली पुनर्भारित होणारी बॅटरी काही वर्षांनी गळू लागते आणि तिच्यातील क्षारधर्मी द्रव तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. १९९० च्या सुमारास वापरात आलेल्या, बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसविलेल्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांची गतही तीच. त्यांच्या बुडाशी असलेले रबर कमकुवत झाले की आतला द्रव बाहेर झिरपतो. यंत्र वापरले नाही, कपाटात जपून ठेवले, तरी हा क्षय थांबत नाही. किंबहुना जपून ठेवलेल्या यंत्राकडे कोणी पाहत नसल्याने त्याचा नाश अधिक निर्वेधपणे होतो.

ए-३६४० च्या बाबतीत आणखी एक गंमत घडली होती. या कार्डाच्या काही आवृत्त्यांत तीन कपॅसिटर उलट्या ध्रुवतेने, म्हणजे अधिक-उण्याची अदलाबदल होऊन, कारखान्यातच बसविले गेले होते. कार्ड चालत असे, विकले गेले, वर्षानुवर्षे वापरले गेले. पण उलटा बसविलेला कपॅसिटर लवकर निकामी होतो आणि गळतो. हा दोष पुढे दुरुस्ती करणाऱ्यांच्या ध्यानात आला आणि आता ही कार्डे दुरुस्त करणारा कोणीही जाणकार माणूस प्रथम तेच तीन भाग तपासतो. मूळ कारखान्याची चूक दुरुस्त करणारे हे लोक त्या कारखान्याचे नोकर नव्हते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

नक्कल नव्हे, चिकित्सा

बोर्ड नव्याने बनविणे म्हणजे नेमके काय करणे? प्रथम एक मेलेले, दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले बोर्ड मिळवावे लागते. त्यावरील सर्व सुटे भाग डाग सोडवून उतरवितात. उघड्या बोर्डाची दोन्ही बाजूंनी बारकाईने छायाचित्रे घेतात. बोर्डाच्या पोटात आणखी तांब्याचे थर असतील तर पॉलिश पेपरने वरचा थर घासून काढून खालच्या थराचे चित्र घेतात. अशा रीतीने बोर्डाचा देह नष्ट होतो आणि नकाशा हाती येतो. मग कोणती पिन कोणत्या पिनेला जोडली आहे याचा मेळ जुन्या सेवापुस्तिकेतील आराखड्यांशी घालतात. कमोडोरसारख्या कंपन्यांनी दुरुस्ती करणाऱ्यांसाठी अशा पुस्तिका छापल्या होत्या आणि त्या कोणी ना कोणी जपून ठेवल्या होत्या. हे नसते तर पुढचे काम कितीतरी पटींनी बिकट झाले असते. नंतर ते सारे संगणकावर पुन्हा रेखाटतात. त्यासाठी वापरले जाणारे ‘कीकॅड’ हे साधन विनामूल्य आहे. १९९२ साली फ्रान्समधील एका प्राध्यापकाने त्याचा आरंभ केला आणि पुढे युरोपातील ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला.

आराखडा जसाच्या तसा उतरविला तर त्यातील चुकाही उतरतात. उलट्या कपॅसिटरांची चूक ज्याला ठाऊक नाही, त्याच्या नव्या बोर्डातही ती येणार. म्हणून चांगला पुनर्निर्माता प्रत्येक रेषेला ‘तू येथे का आहेस?’ असे विचारतो. पोथीच्या अनेक प्रती समोर ठेवून शुद्ध पाठ ठरविणाऱ्या संशोधकाचे काम आणि हे काम यांत फरक फारसा नाही. कोठे लेखनिकाचा हस्तदोष झाला आणि कोठे मूळ ग्रंथकाराचाच हेतू होता, हे दोघांनाही ठरवावे लागते.

या कामातील सर्वांत अवघड भाग दृष्टीस पडत नाही. अनेक बोर्डांवर अशा काही चिप्स असतात की ज्यांच्यातील तर्करचना निर्मात्याने स्वतः भरलेली असते. बाहेरून पाहिले तर त्या सर्व सारख्याच दिसतात. पोटात काय भरले आहे हे कागदावर कोठे छापलेले नसेल तर कोणत्या संकेताला ती चिप कोणता प्रतिसाद देते, हे पुन्हापुन्हा पाहून तिचा स्वभाव ताडावा लागतो. ज्या यंत्राची ही माहिती कंपनीबरोबर नष्ट झाली, त्याची तांब्याची प्रत्येक रेषा हुबेहूब काढली तरी ते बोलत नाही.

पाच नगांचा बाजार

आता या व्यवहाराची आर्थिक बाजू पाहू. जुन्या संगणकाच्या प्रोसेसर बोर्डाला आज मागणी किती? एका शहरात दोन-चार माणसे, एका देशात काही शेकडा. श्रमविभाग हा बाजाराच्या विस्ताराने मर्यादित होतो, असे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये सांगून ठेवले आहे. एवढ्याशा बाजारासाठी कोणी कारखाना उघडणार नाही, हे कोणत्याही जुन्या हिशेबाने खरे होते. छापील बोर्ड तयार करावयाचे तर आरंभीचा खर्च मोठा असे आणि तो हजारो नगांवर वाटला गेला तरच एका नगाची किंमत आवाक्यात येई.

हा हिशेब दोन गोष्टींनी बदलला. आराखडा संगणकाच्या फाइलीत पाठविता येऊ लागल्यामुळे, आणि अनेक गिऱ्हाइकांचे छोटे बोर्ड एकाच मोठ्या पत्र्यावर एकत्र छापण्याची रीत रूढ झाल्यामुळे, चीनमधील कारखाने अवघे पाच नगही आनंदाने बनवून देतात. दुसरे असे की निरनिराळ्या देशांत विखुरलेली ती दोन-चार माणसे आता एकमेकांना सापडू शकतात. बाजार खोल झाला नाही, पण रुंद झाला. परिणामी, जे काम १९९२ मध्ये शेकडो नोकर असलेल्या कंपनीलाच परवडत होते, ते आज एखादा इंजिनिअर रात्रीच्या फावल्या वेळात करू शकतो. खर्चाची भिंत पडल्यावर त्यामागे असलेली दुसरी भिंत दिसू लागली. ती माहितीच्या अभावाची भिंत आहे.

नवा आत्मा, जुना देह

पुनर्निर्मितीच्या पुढची पायरी सुधारणेची. ए-३६४० कार्ड वेगाच्या बाबतीत निराशाजनक होते. त्याच्यावर स्वतःची स्मृती नव्हती. प्रोसेसरला प्रत्येक वेळी मूळ बोर्डावरील स्मृतीकडे जावे लागे. शिवाय मूळ बोर्डाची भाषा आधीच्या पिढीतील ६८०३० प्रोसेसरची होती, म्हणून दोघांमध्ये दुभाषा ठेवावा लागे आणि त्यात वेळ जाई. जर्मनीतील फेज फाइव्ह या कंपनीने १९९० नंतरच्या दशकात स्मृती प्रोसेसरच्या शेजारीच बसविणारी ‘सायबरस्टॉर्म’ कार्डे काढली आणि हा दोष दूर केला. २००० साली तीही कंपनी बुडाली. आज तिची कार्डेही दुर्मिळ झाली आहेत आणि त्यांच्याही पुनर्निर्मितीचा प्रश्न उभा आहे. अनाथाला दत्तक घेणाराही निवर्तावा, असा हा प्रकार झाला.

मोटोरोलाने १९९४ मध्ये काढलेला ६८०६० हा या घराण्यातील शेवटचा थोर प्रोसेसर. त्यात सुमारे २५ लाख ट्रान्झिस्टर आहेत. तो जुन्या कार्डावर बसविणे म्हणजे केवळ एक चिप काढून दुसरी लावणे नव्हे. ६८०४० ला पाच व्होल्ट लागतात, ६८०६० ला ३.३ व्होल्ट, म्हणजे वीजपुरवठ्याची निराळी सोय करणे आले. ६४ बिटांच्या गुणाकार-भागाकारासारख्या काही आज्ञा नव्या प्रोसेसरातून वगळण्यात आल्या होत्या. जुना प्रोग्रॅम त्या आज्ञा देऊ लागला की त्यांची पूर्तता करण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम हाताशी ठेवावा लागतो. हे सर्व जमवून मूळ ए-३६४० च्याच आराखड्यावर ६८०६० बसविणारी कार्डे हौशी मंडळींनी तयार केली आहेत.

याहूनही धाडसी मार्ग २०२० नंतर निघाला. ‘पायस्टॉर्म’ या नावाच्या, आराखडा सर्वांना खुला असलेल्या एका छोट्या बोर्डाने जुन्या अमिगातील प्रोसेसरची जागा घेतली. त्यावर रास्पबेरी पाय हा विद्यार्थ्यांसाठी बनविलेला स्वस्त संगणक बसतो आणि जुन्या प्रोसेसरचे सोंग हुबेहूब वठवितो. त्याचा वेग मूळ प्रोसेसरच्या कित्येक पट असतो. येथे एक मजेचा प्रश्न निर्माण होतो. मूळ प्रोसेसर गेला, स्मृती गेली, वेग बदलला. मग त्या यंत्राला जुने यंत्र का म्हणावे? देवळाचा जीर्णोद्धार करताना गाभारा राखून शिखर नवे बांधावे, की सगळेच दगड बदलावेत, यावर आपल्याकडेही मतभेद होत आले आहेत. उत्तर हेतूवर अवलंबून आहे. वस्तुसंग्रहालयातील यंत्राचा गळलेला कपॅसिटरही जपून बदलावा लागेल आणि बदलल्याची नोंद ठेवावी लागेल. ग्रँड रॅपिड्सच्या शाळेला मात्र वर्ग उबदार राहण्याशी कर्तव्य आहे. दोन्ही हेतू योग्य आहेत. पण दोन्हींसाठी मूळ आराखडा लागतोच. सोंग वठविण्यासाठीसुद्धा मूळ पात्राचा स्वभाव ठाऊक असावा लागतो.

खोटी नाणी

आराखडा नसला तर बाजारात काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. ६८०६० चे उत्पादन थांबले आहे आणि मागणी टिकून आहे. या प्रोसेसरचे काही स्वस्त प्रकारही निघाले होते. एकात दशांश-गणिताचा विभाग नव्हता, दुसऱ्यात स्मृती-व्यवस्थापनाचा विभागही नव्हता. अशा स्वस्त चिपवरील अक्षरे घासून तिच्यावर महागड्या प्रकाराचे नाव छापून विकण्याचा धंदा सुरू झाला. घेणाऱ्याला ही फसवणूक डोळ्यांनी दिसत नाही. विकणाऱ्याला माल कसा आहे हे ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, अशा बाजारात खोटा माल खऱ्या मालाला हुसकून लावतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले होते. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. जुन्या चिपांचा बाजार हे त्या सिद्धान्ताचे चालते-बोलते प्रात्यक्षिक आहे. या बाजाराला औषध एकच. चिप कशी तपासावी, तिच्यात काय असावयास हवे, याचे ज्ञान सर्वांना उपलब्ध असणे.

हौसेपलीकडचा प्रश्न

हे सारे खेळण्यांपुरते मर्यादित आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. अमेरिकेची अवकाश संस्था ‘नासा’ स्पेस शटलच्या बूस्टर रॉकेटांची तपासणी करणाऱ्या उपकरणांसाठी इंटेलच्या ८०८६ या १९७८ सालच्या चिप्स जुन्या बाजारातून शोधून विकत घेत असल्याचे मे २००२ मध्ये उघडकीस आले होते. चंद्रावर माणूस उतरविणाऱ्या संस्थेवर ही पाळी आली. १९७६ पासून बनत आलेल्या झेड-८० या प्रोसेसरच्या मूळ मालिकेचे उत्पादन थांबविण्याचे झायलॉग कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आणि शेवटच्या मागण्या नोंदविण्यास जून २०२४ पर्यंत मुदत दिली. कारखान्यातील स्वयंचलित लेथ असो की प्रयोगशाळेतील मोजमापाचे उपकरण असो, त्याचा लोखंडी देह पन्नास वर्षे टिकतो आणि त्याच्या डोक्यातील बोर्ड वीस वर्षांत निकामी होतो. बोर्ड मिळत नाही म्हणून सुस्थितीतील अख्खे यंत्र भंगारात द्यावे लागणे, हा भांडवलाचा उघड अपव्यय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. हौशी लोकांच्या मूठभर बोर्डांनी हा डोंगर कमी होणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुरुस्ती शक्य आहे, एवढे त्यांनी दाखवून दिले आहे.

भारताला तर हा अनुभव नवा नाही. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट मान्य न झाल्यामुळे आय.बी.एम. कंपनीने १९७८ साली येथील गाशा गुंडाळला. तिची १४०१ सारखी यंत्रे मात्र रेल्वेच्या आणि इतर कचेऱ्यांत तशीच राहिली. १९५९ साली जाहीर झालेली ही यंत्रे त्या वेळीही जुनाटच होती. पण पगारपत्रके आणि हिशेब त्यांच्यावरच होत. डिसेंबर १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने त्यांच्या देखभालीचा भार उचलला. निर्माता निघून गेला तरी यंत्र चालविता येते, याचा तो पाठ होता. परंतु त्यासाठी एक अख्खी सरकारी कंपनी उभी करावी लागली होती. आज जे ज्ञान उपलब्ध असते तेथे तेच काम एखादा जाणकार कारागीर करू शकतो.

आराखडा ठेव म्हणून द्यावा

मग करावे काय? पेटंटची मुदत २० वर्षे असते आणि पेटंट मिळविताना शोधाचे संपूर्ण वर्णन उघड करावे लागते. समाज मक्तेदारी देतो ती याच मोबदल्यात. चिपांच्या अंतर्रचनेला भारतात २००० च्या कायद्याने १० वर्षांचे संरक्षण आहे आणि अध्ययन, संशोधन व अध्यापन यांसाठी तिचे विश्लेषण करण्यास त्याच कायद्याने मुभा दिली आहे. म्हणजे जुन्या बोर्डांच्या बाबतीत हक्कांच्या मुदती बहुतांशी संपल्या आहेत. अडचण मुदतीची नसून कागदाची आहे. जो आराखडा कोठे जमाच झालेला नाही, तो मुदत संपल्यावर लोकांचा होतो याला अर्थ काय? सेवापुस्तिका आणि प्रोग्रॅम यांवरील स्वामित्वहक्क मात्र कित्येक दशके चालू राहतो, आणि बुडालेल्या कंपनीच्या बाबतीत तो हक्क कोणाकडे आहे हेच सांगता येत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत हा प्रश्न आपण केव्हाच सोडविला आहे. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत स्वखर्चाने ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवावी लागते. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक आहे. प्रकाशन संस्था बुडाली तरी पुस्तक बुडत नाही, ते यामुळे. हाच न्याय यंत्रांना का लावू नये? विशिष्ट प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या बोर्डाचा आराखडा आणि त्यातील तर्करचना निर्मात्याने मोहोरबंद स्वरूपात ठेव म्हणून द्यावी. उत्पादन आणि दुरुस्तीसेवा चालू आहे तोवर मोहोर फोडू नये. निर्मात्याने दोन्ही थांबविली किंवा कंपनी बुडाली की ती आपोआप खुली व्हावी. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये त्याचे संकेतस्थळही सुरू केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ही सारी व्यवस्था निर्माता हयात आहे आणि सहकार्य करतो आहे, असे गृहीत धरते. निर्मात्याच्या मृत्यूपत्राची तरतूद तीत नाही.

या सूचनेवर आक्षेप येतील. पहिला व्यापारी गुपिताचा. ज्या मालाची विक्री स्वतः निर्मात्यानेच बंद केली, त्याच्या गुपिताचे मूल्य क्वचितच उरते. एखादा भाग नव्या मालात वापरला जात असेल तर तेवढ्यापुरती सवलत देता येईल. दुसरा आक्षेप असा की बाजार हे काम आपोआप करील. तसे होणे संभवत नाही. टिकाऊ वस्तूच्या मक्तेदाराला स्वतःच्याच आधी विकलेल्या मालाशी स्पर्धा करावी लागते, हे रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले होते. जुने यंत्र चांगले चालत राहिले तर नवे कोण घेईल? ज्याचे हित जुने यंत्र मरण्यात आहे, त्यानेच त्याचे औषध जपून ठेवावे, ही अपेक्षा भाबडी आहे. तिसरा आक्षेप असा की ही सुखवस्तू लोकांची हौस आहे, तिच्यासाठी सरकारने का झिजावे? हौशी लोक अनुदान मागत नाहीत. श्रम त्यांचे, पैसा त्यांचा. त्यांना हवे आहेत ते कागद. आणि ते कागद मिळाले तर त्यांचा लाभ लेथ चालविणाऱ्या लघुउद्योजकालाही तितकाच होणार आहे.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीनेही या गोष्टीला मोल आहे. देशात चिप-निर्मितीचा उद्योग उभारण्यासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केली. कारखाने पैशाने उभे राहतात. ते चालविणारी माणसे मात्र परिपथ वाचता-वाचता तयार होतात. आजच्या अब्जावधी ट्रान्झिस्टरांच्या प्रोसेसरचा अंतरंग-परिचय करून घेणे एका विद्यार्थ्याला शक्य नाही. १९८० च्या सुमाराचा प्रोसेसर बोर्ड मात्र आरंभापासून शेवटपर्यंत समजावून घेता येतो, हाताने जोडता येतो, आणि चुकला तर का चुकला हे शोधून काढता येते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या अडगळीत पडलेली जुनी यंत्रे भंगारवाल्याला देण्यापूर्वी एवढा विचार अवश्य व्हावा.

ग्रँड रॅपिड्सच्या शाळा उबदार राहिल्या, कारण तो विद्यार्थी गाव सोडून गेला नव्हता. तो परगावी गेला असता, अथवा त्याच्या स्मरणातून ते सारे पुसले गेले असते, तर १९ शाळांचे नियंत्रण करणारे एक निर्दोष यंत्र एका दिवसात निरुपयोगी ठरले असते. सार्वजनिक व्यवहार एका माणसाच्या स्मरणशक्तीवर आणि त्याच्या वास्तव्यावर अवलंबून ठेवणे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही. जे एका डोक्यात आहे ते कागदावर आणावे आणि जे एका कपाटात आहे ते ग्रंथालयात ठेवावे, ही रीत आपण पुस्तकांसाठी स्वीकारली आहे. यंत्रांसाठी ती स्वीकारण्याची वेळ आता आली आहे.